ओळख कशी करायची: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी लिंक्डइनची सविस्तर वाट

परीक्षा संपल्या की मे-जूनमध्ये माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे कॉल सुरू होतात. गावाकडचे कोणी काका, जुन्या शाळेतले सर, बायकोच्या माहेरचं कोणीतरी. "पोरगं डिप्लोमा झालंय, शिरोलीत कुठं वळख हाय का?" मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली. नवीन मुलं घ्यायची असली की मुलाखतीला मलाही बसवतात. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

फोन करणाऱ्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. ओळख लागते. पण आपल्याकडे ओळख आणि वशिला हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि घोडं तिथंच अडतं. वशिला म्हणजे तुमच्याबद्दल काहीही माहीत नसताना कोणीतरी तुमच्यासाठी शब्द टाकणं. ओळख म्हणजे तुम्ही काय करता हे समोरच्याला ठाऊक असणं. वशिला ज्याच्या घरात आहे त्याला मिळतो. ओळख कुणालाही करता येते, आणि घरात पहिल्यांदाच कोणी डिप्लोमा किंवा पदवीपर्यंत पोहोचलं असेल तर ती करावीच लागते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. खेड्यातून आलेल्या मुलाला तिथं राहायला जागा मिळाली, शिवाय पुढच्या वर्गातली मुलं भेटली. कुठं अर्ज करायचा, कुणाला भेटायचं, काय वाचायचं, हे सांगणारं माणूस शेजारच्या खोलीत असणं फार मोठी गोष्ट आहे. आज तुमच्या कॉलेजची पुढची मुलं पुण्यात, बंगळुरूला, जर्मनीत विखुरलेली आहेत. त्यांना गाठायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे लिंक्डइन. नोकरी-व्यवसायातल्या ओळखींसाठीची ही साइट २००३ पासून चालू आहे, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली, खातं फुकट निघतं आणि वयाची १६ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही उघडता येतं. पैसे भरून मिळणारं प्रीमियम विद्यार्थ्याला अजिबात लागत नाही.

पहिली पायरी वहीत

खातं उघडायच्या आधी एक वही घ्या आणि शेवटच्या दोन वर्षांत तुम्ही हाताने काय काय केलं ते लिहा. विषयांची नावं नकोत, केलेली कामं हवीत. मुलं मला म्हणतात, "सर, मी काहीच केलेलं नाही." मग दहा मिनिटं बोललो की कळतं, याने घरच्या गुऱ्हाळाचा तीन हंगाम हिशेब ठेवलाय, तिने बहिणीच्या शिवणकामाच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर सांभाळल्यात, आणखी कोणी ट्रेनिंगला जाऊन रोज रीडिंग घेतलंय. ही सगळी कामंच आहेत.

प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: किती दिवस केलं, कशावर केलं, त्यातून काय निघालं. आकडा असेल तर आकडा. "फाउंड्रीत ट्रेनिंग केलं" हे वाक्य मला काही सांगत नाही. "सहा आठवडे सँड लॅबमध्ये बसून रोज चार वेळा मॉइश्चर घेतलं, एक्सेलमध्ये भरलं, कोणत्या पाळीत रिजेक्शन जास्त ते काढलं" हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसतो. (सँड म्हणजे साच्याची वाळू, मॉइश्चर म्हणजे तिच्यातलं पाणी, रिजेक्शन म्हणजे तपासणीत बाद झालेला माल.) या मुलाला तपासणीची सवय आहे, कंटाळवाणं काम रोज करायची तयारी आहे आणि आकड्यांतून काही शोधायची ओढ आहे, हे मला एका वाक्यात कळलं.

या वहीला पूर्ण एक दिवस द्या. पुढचं सगळं यातूनच निघणार आहे.

प्रोफाइल

नाव दाखल्यावर आहे तसं लिहा. ईमेल तुमच्या नावाचाच हवा. शाळेत असताना गंमत म्हणून काढलेला पत्ता आता सोडा. फोटो फोनवर काढलेला चालतो. साधी भिंत, सकाळचा उजेड, इस्त्रीचा शर्ट किंवा कुर्ता, चेहरा स्पष्ट. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला नको, कारण खांद्यावर कुणाचा तरी हात उरतोच. प्रोफाइलच्या लिंकमध्ये नावापुढे आलेले आकडे सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका म्हणजे ती बायोडाटावर छापता येते. एवढं अर्ध्या तासात होतं.

खरं काम हेडलाइनवर आहे. नावाखाली दिसणारी ही ओळ तुम्ही शोधात आलात, कुणाच्या पोस्टवर कमेंट केलीत, ओळखीची (कनेक्शनची) विनंती पाठवलीत, की सगळीकडे तुमच्यासोबत फिरते. बहुतेक विद्यार्थ्यांच्या प्रोफाइलवर तिथं "स्टुडंट ॲट" आणि पुढे कॉलेजचं नाव एवढंच असतं. २२० अक्षरांची जागा मिळालेली असताना ती तशी सोडणं म्हणजे दुकानावर पाटी न लावणं. तुमचं शिक्षण, हाताशी असलेलं काम आणि कोणत्या क्षेत्रात जायचंय, एवढं त्यात बसवा. उदाहरणार्थ:

"डिप्लोमा मेकॅनिकल, अंतिम वर्ष | सँड टेस्टिंग, रिजेक्शन ॲनालिसिस, एक्सेल | फाउंड्री क्वालिटीमध्ये संधी हवी"

"बी.कॉम. तृतीय वर्ष | टॅली, जीएसटी रिटर्नचं प्राथमिक काम | सहा महिने कर सल्लागाराकडे मदतनीस"

हे नमुने समजायला मराठीत दिलेत, प्रोफाइल मात्र इंग्रजीत ठेवा. भरती करणारी माणसं इंग्रजी शब्द टाकून शोधतात, तुमचं काम त्या शब्दांत नसेल तर तुम्ही त्यांना दिसणारच नाही. इंग्रजी साधं असू द्या, छोटी वाक्यं करा, एखाद्या सरांकडून तपासून घ्या.

"अबाउट"मध्ये २,६०० अक्षरं लिहिता येतात, पण वाचणाऱ्याला सुरुवातीला पहिल्या काही ओळीच दिसतात. म्हणून "मी मेहनती आणि महत्त्वाकांक्षी आहे" इथून सुरुवात करू नका, ते प्रत्येकाच्या प्रोफाइलवर आहे. वहीतलं सगळ्यात भक्कम काम पहिल्या दोन ओळींत टाका. "एक्स्पीरियन्स"मध्ये इन-प्लांट ट्रेनिंग, पार्ट-टाइम काम, घरच्या धंद्यातली जबाबदारी, सगळं लिहा. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं लेथ चालवली असेल तर उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडची लाज कशाला? माझ्यासारख्या माणसाला ती ओळ गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगते.

इथं एक सावधगिरी, जी कॉलेजात कोणी सांगत नाही. ट्रेनिंगच्या कारखान्यातले फोटो परवानगीशिवाय टाकू नका. आपल्याकडच्या फाउंड्री मोठ्या वाहन कंपन्यांचे पार्ट ओततात. ते ड्रॉइंग, तो पॅटर्न, कधी कधी तो पार्टसुद्धा ग्राहकाच्या मालकीचा असतो आणि गुप्ततेचे करार झालेले असतात. एका मुलाने उत्साहाने मशिनपुढे उभं राहून फोटो टाकला, मागे फळ्यावर पार्ट नंबर आणि रिजेक्शनचे आकडे स्पष्ट दिसत होते. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्याचं ट्रेनिंग त्या दिवशी बंद झालं. आकडे लिहायचे असतील तर ग्राहकाचं आणि पार्टचं नाव गाळून लिहा, आणि आधी सुपरवायझरना विचारा.

आपल्या कॉलेजची माणसं शोधणं

लिंक्डइनवरची ही सगळ्यात मोलाची सोय आहे आणि दहातल्या नऊ मुलांनी ती उघडलेलीही नसते. तुमच्या कॉलेजचं पान उघडा, शक्यतो कॉम्प्युटरवर. तिथं "अल्मनाय" असा टॅब असतो. त्यात माजी विद्यार्थी कुठं राहतात, कोणत्या कंपनीत आहेत, काय काम करतात, काय शिकले, अशा चाळण्या लावता येतात. पुणे निवडा, मग "क्वालिटी" किंवा "अकाउंटिंग" निवडा, यादी समोर येते. मग हेच शिवाजी विद्यापीठाच्या पानावर करा. १९६२ पासूनच्या या विद्यापीठाला कोल्हापूर, सांगली, सातारा अशा तीन जिल्ह्यांतली कॉलेजं जोडलेली आहेत आणि बरीच जुनी मंडळी कॉलेजऐवजी विद्यापीठाचं नाव टाकतात. तिथली यादी कितीतरी मोठी निघते.

त्यातून वीस नावं निवडा. एकदम बड्या पदावरच्यांकडे धावू नका. तुमच्यापेक्षा दोन ते सहा वर्षं पुढे असलेली माणसं सगळ्यात उपयोगी पडतात. त्यांना स्वतःची पहिली मुलाखत अजून आठवते, कोणत्या कंपनीत फ्रेशर घेतात ते माहीत असतं आणि उत्तर द्यायला थोडा वेळही असतो. ही वीस नावं वहीत उतरवा. समोर तारीख, काय विचारलं, काय उत्तर आलं यासाठी रकाने करा. तुम्ही त्यांचं प्रोफाइल पाहिलंत हे त्यांना कळतं, याची मुलांना उगाच भीती वाटते. कळू द्या. कुणीतरी आपल्याला वाचलं म्हणून कुणी रागावत नाही.

पहिला मेसेज

मला येणाऱ्या मेसेजपैकी बहुतेक असे असतात: "हाय सर, एनी व्हेकन्सी?" किंवा "सर प्लीज रेफर मी." खाली बायोडाटा जोडलेला. मी वाईट माणूस नाही, पण या मेसेजला मी काय उत्तर देणार? जागा आहे की नाही एवढंच. नसली तर संवाद तिथंच मिटतो.

दोन वर्षांपूर्वी कागल तालुक्यातल्या एका मुलीची विनंती आली. सोबत एवढीच नोट होती:

"नमस्कार सर, मी कागलची, डिप्लोमा मेकॅनिकल. ट्रेनिंगमध्ये सँड टेस्टिंग केलं. रिजेक्शनवरची तुमची पोस्ट वाचली. ब्लो होलबद्दल एक प्रश्न विचारू का?"

ब्लो होल म्हणजे ओतलेल्या पार्टमध्ये वायू अडकून पडणारी भोकं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न आला. "आमच्याकडे सकाळच्या पाळीत ब्लो होल जास्त यायचे. मी मॉइश्चर रोज चार वेळा घेतलं, पहिलं रीडिंग नेहमी वर असायचं. रात्रभर बंद राहिल्यावर सँड थंड असते, दुपारी गरम होते. पाणी मात्र दोन्ही वेळी तेवढंच टाकतात. सकाळी पाणी उडून जात नाही म्हणून मॉइश्चर वाढतं, असं असेल का सर?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. गरम सँडमधलं पाणी वाफ होऊन जातं, थंड सँडमध्ये राहतं, आणि साच्यात जास्तीचं पाणी राहिलं की ओतताना वायू धरतो. हे मला कामाला लागून तिसऱ्या वर्षी नीट समजलं होतं. मी तिला लांबलचक उत्तर लिहिलं, तिने त्यावर आणखी एक प्रश्न विचारला. नोकरीचा शब्द तिने काढला नाही. चार महिन्यांनी आमच्याकडे लॅबला जागा निघाली तेव्हा मीच तिला मेसेज केला. रीतसर मुलाखत झाली, आणखी चारजण आले होते, आणि ती स्वतःच्या उत्तरांवर निवडली गेली.

त्या नोटमध्ये काय होतं ते पुन्हा बघा. ती कोण, काय केलंय, माझ्याकडेच का आली आणि काय हवंय. चार गोष्टी, कुठं गयावया नाही. सध्या फुकटच्या खात्यावर अशी नोट २०० अक्षरांत बसवावी लागते आणि महिन्याला मोजक्याच नोटा पाठवता येतात, म्हणून त्या वीस नावांपैकी ज्यांची माहिती तुम्ही नीट वाचलीत त्यांच्यासाठीच वापरा. मराठी माणसाला मराठीत लिहा, "सर", "मॅडम" म्हणा, बिनधास्त. दूरच्या शहरात भेटलेली आपली भाषा माणसाला जवळची वाटते.

प्रश्न विचारताना असा विचारा की उत्तर पाच मिनिटांत देता येईल. "करिअरबद्दल गाइड करा" याला उत्तर द्यायला तास लागतो म्हणून ते उत्तर येत नाही. "तुम्ही डिप्लोमानंतर लगेच कामाला लागलात की पदवी केलीत, आणि आज परत निवडायचं झालं तर काय कराल?" याला लोक मनापासून उत्तर देतात. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग थांबा. आलं तर त्याच दिवशी आभार माना, आणि सांगितलेलं करून पाहिलं की पुन्हा कळवा. हे शेवटचं फार थोडे करतात. जे करतात त्यांची नावं माझ्या लक्षात राहिली आहेत.

चॅटबॉटकडून लिहून घेतलेले मेसेजही येतात. शब्द गुळगुळीत असतात, पण एका आठवड्यात तीन मुलांकडून तोच परिच्छेद आला की तिन्ही बाजूला पडतात. व्याकरण तपासायला त्याची मदत घ्या, मजकूर तुमचा असू द्या.

पोस्ट आणि कमेंट

पंधरा दिवसांतून एक पोस्ट पुरते. जे शिकलात ते, तुमच्या शब्दांत, आठ-दहा ओळींत. प्रोजेक्टमध्ये काय चुकलं आणि कसं सुधारलं, यावरच्या पोस्ट लोक वाचतात. नुसत्या सर्टिफिकेटचे फोटो कोणी वाचत नाही. लिहायला सुचत नसेल तर आपल्या क्षेत्रातल्या माणसाच्या पोस्टखाली विचार करून केलेली दोन ओळींची कमेंटही काम करते, बहुतेक वेळा पोस्टपेक्षा जास्त.

नोकरी शोधताना

जॉब अलर्ट लावा: पद, गाव, फ्रेशर. "ओपन टू वर्क" चालू करा. त्यात दोन पर्याय आहेत, फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असा आणि सगळ्यांना फोटोभोवती हिरवी कड दिसेल असा. विद्यार्थ्याने सगळ्यांना दाखवायला हरकत नाही. "ईझी ॲप्लाय"चं बटण दाबणं सोपं आहे म्हणून तिथं गर्दी असते. अर्ज करा, पण त्या कंपनीत तुमच्या कॉलेजचं कोण आहे ते बघून त्याला दोन ओळी लिहा.

आता आपल्या भागाची गोष्ट. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित वसाहतीतले कितीतरी छोटे-मध्यम कारखाने लिंक्डइनवर जाहिरात टाकतच नाहीत. गेटवर बोर्ड लागतो, नाहीतर कामगारांकडून निरोप जातो. म्हणून इथं दोन्ही हातांनी काम करायचं. कारखान्याच्या प्लांट हेडचं किंवा एचआरचं नाव लिंक्डइनवर शोधा, दोन ओळींचा मेसेज करा, आणि तीन-चार दिवसांनी छापील बायोडाटा घेऊन गेटवर जा. "अमुक साहेबांना मेसेज केला होता" म्हटलं की वॉचमनही आत फोन लावतो. सकाळी पाळी बदलायच्या गडबडीत जाऊ नका, अकराच्या सुमारास बरं.

शिकाऊ उमेदवारी विसरू नका. पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्सचं (राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेचं), आयटीआयवाल्यांसाठी अप्रेंटिसशिप इंडियाचं सरकारी पोर्टल आहे. नोंदणी फुकट, विद्यावेतन मिळतं, आणि ते वर्ष तुमच्या प्रोफाइलवर पहिल्या खऱ्या अनुभवाची ओळ बनतं.

कॉम्प्युटरच्या मुलांनी प्रोफाइलला गिटहब (आपला कोड ठेवायची साइट) जोडावं, डिझाइनच्या मुलांनी बिहान्स (आपली डिझाइनं दाखवायची साइट). हुपरीच्या चांदीवर किंवा इचलकरंजीच्या कापडावर घरात काम होत असेल तर त्याचे नमुने, घरच्यांच्या परवानगीने, प्रोफाइलच्या "फीचर्ड" भागात ठेवा. सीए करणाऱ्यांना आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीए फर्ममधल्या प्रशिक्षणासाठी, इथल्या फर्मचे भागीदार लिंक्डइनवर सापडतात. आधी प्रश्न विचारा, मग जागेचं बघा.

फसवणूक

नोकरीसाठी पैसे मागितले की ती नोकरी नाही. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, गणवेशाचे पैसे, नाव काहीही असो. राधानगरीकडच्या एका मुलाने ऑफर लेटर बघून साडेतीन हजार रुपये भरले होते. लेटरवर नामांकित कंपनीचा लोगो होता, ईमेल मात्र साध्या जीमेलचा. वडिलांनी दुधाच्या बिलातले पैसे दिले होते, ते पोरगं दोन महिने घरात नीट जेवलं नाही. असं झालं तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवून धरायची शक्यता जास्त.

मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता प्रोफाइलवर उघडा ठेवू नका. मुलींनी खास लक्षात घ्यावं: कामाच्या बोलण्याला वैयक्तिक वळण लागलं की उत्तर द्यायची कसलीही जबाबदारी तुमच्यावर नाही. ब्लॉक करा, रिपोर्ट करा, कॉलेजमधल्या मॅडमना सांगा. मुलाखतीला बोलावलं तर कंपनीच्या ऑफिसातच जा, हॉटेलात किंवा कुणाच्या फ्लॅटवर नको.

वेळ किती द्यायचा

रविवारी सकाळी एक तास, फक्त पहिला रविवार पूर्ण वहीसाठी. दुसऱ्या रविवारी प्रोफाइल, तिसऱ्या रविवारी वीस नावं, चौथ्यापासून आठवड्याला दोन मेसेज आणि दोन कमेंट. रोज तासन् तास स्क्रोल करत बसलात तर इतरांच्या नोकऱ्यांच्या बातम्या वाचून मन खचतं, म्हणून ते टाळा. तीन महिने एवढं नेमाने केलंत तर वीसपैकी सहा-सातजण तरी तुमच्याशी बोलते झालेले असतील, असा माझ्या पाहण्यातल्या मुलांचा अनुभव आहे.

नोकरी लागली की हेडलाइन बदला, "ओपन टू वर्क" बंद करा, आणि वहीतल्या ज्यांनी ज्यांनी उत्तर दिलं होतं त्या प्रत्येकाला वेगळा मेसेज पाठवा. कागलच्या त्या मुलीने मलाही पाठवला होता, आमच्याच लॅबमधून, दुपारच्या सुट्टीत: "सर, पहिलं रीडिंग घेतलं. सकाळचं मॉइश्चर इथंही वर आहे. पाणी कमी करून बघू का?"